बेट तासून काढा

३ मार्च १९३७
बेट काढून टाका म्हणे! प्रकाशक इशिवाता सकाळीच दारात हजर. लष्करी कचेरीतून चित्र परत आलंय. तोकोजिमावर आता तोफा बसल्यात, तेव्हा ते बेट कागदावर दिसता कामा नये. छापलं तर बेड्या – त्यालाही आणि मलाही.

"समुद्र राहू दे, चंद्र राहू दे. बेटाच्या जागी एखादं शिडाचं गलबत घाला. परदेशातल्या गिऱ्हाइकाला काय कळतंय!"

चित्र माझं, पण ते छापायचे लाकडी ठोकळे कोरलेत यासाकूने. आणि यासाकूचा जन्म त्याच बेटावरचा. इशिवाताला हे ठाऊक नाही. ज्याचं गाव त्यालाच सांगू, तासून काढ म्हणून?

४ मार्च
गेलो नाही. सर्दीचं निमित्त केलं.

६ मार्च
शेवटी गेलो. यासाकू छिन्न्यांना धार लावत बसला होता. सांगितलं. त्याचा हात थांबला नाही.

"आधी माणसं उठवली. मग नकाशातून नाव काढलं. आता चित्रातूनही! मास्तर, उद्या माझा जन्म समुद्रात झाला म्हणून लिहितील हे लोक."

मी हसलो नाही. तोही नाही.

मग त्याने आतल्या खोलीकडे मान केली. बेट रिकामं केल्यापासून त्याची आई, ओतोसे आजी, इथेच असते. अंथरुणाला खिळलीय, पेजसुद्धा घशाखाली उतरत नाही. मी बेटावर रेखाटनं करायला गेलो होतो तेव्हा हिनेच मला भाजलेली रताळी दिली होती. "खा रे, शहरातलं पाखरू! वाऱ्याने उडशील."

यासाकू हळूच म्हणाला, "रोज विचारते, होडी कधी येणार? काय सांगू तिला? एक प्रत काढू, मास्तर. एकच. ती बघेल, मग तासतो मी. माझ्याच हाताने."

हो म्हटलं नाही. नाहीही म्हणवलं नाही.

८ मार्च
भीती वाटते – इथे तरी लिहायला काय हरकत! ओळखीच्या एका चित्रकाराला नुसती बंदराची रेखाटनं केली म्हणून उचललं. त्याची बायको अजून पोलीस ठाण्याच्या पायऱ्यांवर बसून असते. आणि मी एका म्हातारीपायी...? इशिवाताचा निरोप आला: ठोकळे कधी देताय?

९ मार्च
यासाकू दारात आला. "आईने पाणीही सोडलं," एवढंच बोलला आणि वळला. मागितलं काहीच नाही.

उद्या जातो.

१० मार्च
केलं!! त्याच्या घरी, दारं लावून. छापणाऱ्याला बोलावण्याची सोय नव्हती. यासाकूने कागद ओले केले, मी रंग कालवले, आणि दोघंही त्या कामात अडाणी. आकाशाची निळाई खाली येता येता विरायला हवी, ती मध्येच डागळली. "दाबा, मास्तर, जोर लावून दाबा! तांदूळ धुताय की काय?" बिघडलेले कागद तिथल्या तिथे चुलीत घातले. शेवटी एक साधला. वर चंद्र, खाली काळंशार बेट, कड्यावर पाइनची झाडं, पाण्यावर चांदणं. माझ्या हातून याहून चांगलं काही झालेलं नाही, पुढे होणार नाही.

यासाकूने कागद दिव्याजवळ धरला. मग नाक पुसत म्हणाला, "शाईचा वास फार उग्र आहे बुवा."

आजीचा नुकता डोळा लागला होता. उद्या दाखवायचं ठरलं.

११ मार्च
आजीला टेकवून बसवलं. कागद हातात दिला. कितीतरी वेळ बघत होती. मग बोट टेकवून सगळा किनारा चाचपला.

"एक घर ठेवलं नाही रे मेल्यांनी," म्हणाली. "जाळी वाळवायच्या काठ्यासुद्धा नेल्या. बरं झालं दाखवलंस. आता नाही हो होडीचं विचारणार."

यासाकूने माझ्याकडे पाहिलं नाही. ठोकळा ओढला आणि बेट तासायला घेतलं.

मी गेलो होतो तेव्हा घरं होती. सगळी. वाकडी, धुराने काळवंडलेली. चांदण्यात बरी दिसत नव्हती, म्हणून मीच गाळली.