दहा सेकंद थांबा

३ फेब्रुवारी, सोमवार
मुलीच्या शाळेतून पिशवी आली. कापडी, वर एक डोळा मिटलेलं घुबड. आत शिंक विसरलेल्या उंटाची गोष्ट आणि 'पालकांसाठी' म्हणून एक गुळगुळीत पुस्तिका. चित्रं जास्त, अक्षरं कमी. पालक म्हणजे अडाणीच, असं शाळेने धरून चाललेलं दिसतं. मी चौथीनंतर शाळेत गेले नाही हे खरं. पण नंतर वाचनालयातलं कपाटच्या कपाट एकटीने वाचून काढलं. मला घुबडाकडून शिकायचं काही उरलेलं नाही.

सोबत बाईंची चिठ्ठी. मुलगी तिसरीत, पण मोठ्याने वाचायला तोंडच उघडत नाही. वर्गात नाही तर निदान घरी, महिना संपायच्या आत एक पूर्ण गोष्ट वाचायला हवी. नाहीतर वाचनाच्या तासाला तिला दुसरीच्या मुलांत बसवणार. घरी रोज पाच मिनिटं वाचून घ्या, जमेल त्या शुक्रवारी रेकॉर्डिंग फोनवर पाठवा.

पाच मिनिटं! मी तास घेणार. वेळापत्रक करून भिंतीला चिकटवलं. माझी मुलगी दुसरीत बसणार नाही.

४ फेब्रुवारी
पुस्तिका चहा गार व्हायच्या आत संपली. नियम तिसरा: मूल एखाद्या शब्दावर अडलं तर दहा सेकंद थांबा. कशासाठी? शब्द मला येतोय, तिला येत नाहीये, आणि दोघींनी एकमेकींची तोंडं बघत बसायचं? लिहिणाऱ्याला घरात दुसरं काम नसावं.

संध्याकाळी पहिलं पान झालं. प्रगती उत्तम. ती 'एक होता' म्हणाली. पुढचं मी सांगितलं.

७ फेब्रुवारी, शुक्रवार
रेकॉर्डिंग पाठवलं. शिकवणं कशाला म्हणतात ते बाईंना एकदा कळू दे.

१० फेब्रुवारी
बाईंचं उत्तर. साखर पेरून लिहिलंय. म्हणे, ताई, तुमचा आवाज फार छान आहे, पण पाच मिनिटांपैकी चार मिनिटं वीस सेकंद तोच आहे. मला मुलीचा ऐकायचाय.

म्हणजे घड्याळ लावून बसतात. हाच वेळ वर्गात घातला असता तर ही पिशवी निघालीच नसती.

११ फेब्रुवारी
इस्पितळाच्या लाँड्रीत चादरींच्या घड्या घालताना जोडीदारणीला बाईंचा हा पराक्रम सांगितला. चादरीचं एक टोक तिच्याकडे, एक माझ्याकडे. वाटलं, ती तरी माझी बाजू घेईल. ती म्हणाली, अगं, तुझ्या हातात आली की चादरसुद्धा घाबरून सरळ होते, ते तर पोर आहे. आणि स्वतःच्याच विनोदावर इतकी हसली की टोक सुटलं. घडी परत घालावी लागली. बिनशिकलेली बाई, तिच्याशी काय बोलायचं.

१५ फेब्रुवारी, शनिवार
शाळेत पालकांची कार्यशाळा. मोठी माणसं छोट्या बाकांवर गुडघे दुमडून बसलेली. जोड्या लावल्या: एकाने मूल व्हायचं, एकाने पालक. माझ्या वाट्याला एक मिशीवाले बसड्रायव्हर. आधी मी मूल झाले. घडाघडा वाचलं. बाई म्हणाल्या, ताई, जरा अडल्यासारखं करा ना. म्हटलं, ते मला जमत नाही.

मग मिशीवाले मूल झाले. नाटक करायचं म्हणून एका शब्दापाशी थांबले. मी शब्द सांगितला. पुढच्यालाही सांगितला. तिसऱ्या वेळी त्यांनी नुसता श्वास घेतला, तेवढ्यात मी सांगून मोकळी. सगळा वर्ग खो खो हसला. मिशीवाले म्हणाले, वहिनी, मला घाम फुटला हो. एवढा मोठा माणूस, दीड पानाला घाम. बस कशी चालवतो कोण जाणे.

१८ फेब्रुवारी
वाचनाची वेळ झाली की मुलीचं पोट दुखतं. सलग चौथा दिवस. जंताचं औषध आणलं.

आज रागावून विचारलं, पूर्वी तर रोज वाचायचीस, आता काय झालं? म्हणाली, बाबांना वाचून दाखवायचे.

ह्यांना जाऊन चौदा महिने झाले. ह्यांची खुर्ची मी हलवलेली नाही, तिच्यावर धुतलेले कपडेसुद्धा ठेवत नाही. संध्याकाळी कामावरून आले की हे त्या खुर्चीत बसायचे आणि ही पायाशी बसून वाचायची. ह्यांना स्वतःला धड वाचता येत नव्हतं. 'मग?' एवढंच विचारायचे. तिने काहीही वाचलं तरी मान डोलवायचे, आणि तिसऱ्या पानाला घोरायला लागायचे. मी स्वयंपाकघरातून ओरडून चुका सांगायचे, तर हे मला गप्प बसायची खूण करायचे. म्हणजे तेव्हाही शिकवण्याचं काम मीच करत होते.

पोरीला लाड हवेत, दुसरं काही नाही. उद्यापासून तासाचा दीड तास.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार
आजच्या रेकॉर्डिंगमध्ये मी एक शब्दही बोलले नाही. तोंडावर पदर दाबून बसले. फक्त घसा खाकरला, तोही चुकली तिथेच. असा संयम त्या मिशीवाल्याला जन्मात जमणार नाही.

मुलगी अर्ध्या पानावर थांबली आणि पोट धरून उठली.

२२ फेब्रुवारी
बाईंनी विचारलंय, ताई, खोकला बरा आहे का? आठवडाच उरला, याचीही आठवण करून दिलीय. मी न विचारता.

२६ फेब्रुवारी
अजून दोन पानं बाकी. दोष गोष्टीचा आहे. उंटाला शिंक येत नाही, यात मुलांनी शिकायचं काय? बाईंना काय सुनवायचं ते कागदावर लिहून काढलं. चार मुद्दे झाले.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार
लाँड्रीत एक बाई आली नाही, म्हणून मला डबल पाळी. शाळा सुटल्यावर मुलगी घरी एकटी असते, फोन तिच्यापाशीच ठेवते. जोडीदारणीच्या फोनवरून तिला कळवलं, आज वाचन होणार नाही, सोमवारी मी बाईंना बघून घेते.

सात वाजता घरी आले. फोन बघितला, तर सव्वाचारला बाईंना रेकॉर्डिंग गेलेलं. अकरा मिनिटांचं.

ऐकलं. सगळी गोष्ट होती. एका शब्दापाशी ती अडली. बाहेरून गाडी गेल्याचा आवाज, मग काहीच नाही. मी फोनला शब्द सांगितला. दोनदा सांगितला. तेवढ्यात तिने तो आपला आपण बरोबर वाचला आणि पुढे गेली. शेवटी उंट शिंकतो तिथे ती खदखदून हसली. ती गोष्ट विनोदी आहे, हे मला माहीतच नव्हतं.

खाली बाईंचा मेसेज. आता दुसरीत बसवायचा प्रश्नच नाही. आणि ताई, तुमचं खास कौतुक. ती अडली तिथे किती शांत बसलात! पुढच्या कार्यशाळेत बाकीच्या पालकांना ऐकवू का?

मी घरी नव्हते, असं लिहिलं. पुसलं. 'जरूर ऐकवा' असं लिहून पाठवलं.

जेवताना मुलीने अगदी अदबीने विचारलं, आई, उद्या पण तुला डबल पाळी आहे का? पिशवीत नवीन पुस्तक आलंय.

उद्या मला सुट्टी आहे. हो म्हटलं.

चारच्या आत बाहेर पडावं लागेल. कुठे जायचं ते बघते.