लॅमिनेशनमध्ये अडकलेली पगारवाढ

बारामती, रविवार दुपार

आदरणीय अप्पांना धाकट्या झुंबरचा जयभीम. वहिनींनाही सांगा. तुमचे गुडघे कसे हायत? (दुखत असतील तर दुखतायत म्हणा, उगाच मोठेपणा करू नका.) आमी हितं ठीक हाय. चौथीनंतर पेन हातात धरायची सवय गेली, तरी पत्र लिहितेय, कारण फोनवर तुमी “बरं, बरं” म्हणून मधेच ठेवता, आणि ही गोष्ट मधेच ठेवायची न्हाय. आधी चहा घ्या, मग बसून वाचा.

तर माझा पगार वाढला. बारा हजारांचे तेरा हजार चारशे. कपड्यांच्या कंपनीत सहा वर्षं धागे कापून कापून बोटं वाकडी झाली तेव्हा कुठं त्यांना आठवण आली. बाकीच्या बाया नाचत होत्या आणि मी पगाराची चिठ्ठी हातात घेऊन रडायच्या बेताला आले. का ते तुमाला कळायला पायजे, कारण जामीनदार तुमी हाय. शेवयांच्या मशीनसाठी इंदापूरच्या पतसंस्थेतून काढलेलं माझं कर्ज थकलं, लोकअदालतीत तडजोड झाली, महिना तीन हजार हप्ता बांधून मिळाला. आणि अदालतीतल्या साहेबांनी सगळ्यांसमोर बजावलं होतं की तडजोड मोडली तर जुन्या व्याजासकट सगळी रक्कम एकदम, आणि वसुली तुमच्या पगारातून. तुमची नोकरी उरली वर्षभर. रिटायर होताना बहिणीच्या शेवया फेडत बसलेला माणूस मला बघायचा न्हाय, म्हणून मी आजवर एक हप्ता चुकवला न्हाय. (सणाला साडी चुकवली, ते वेगळं.)

आता त्या तडजोडीच्या कागदाचं ऐका. कोर्टातून निघाले तशी समोरच्या दुकानात लॅमिनेशनला गेले. आपल्याकडं कागद महत्त्वाचा म्हटला की त्याला प्लास्टिक घातल्याशिवाय जीव थंड होत न्हाय. दुकानदाराकडं मोठं पाकीट नव्हतं, अर्धा तास थांबा म्हणाला. अर्धा तास मी कुणासाठी थांबते? म्हटलं, चार घड्या घाल आणि लहान पाकिटात बसव. त्यानं बसवला. त्यामुळं तीन वर्षं माझ्याजवळ त्या कागदाची वरची घडी आणि खालची घडी, एवढंच वाचायला हाय. वरच्या घडीवर आपली नावं. खालच्या घडीवर शेवटच्या ओळीत लिहिलंय, “पगारात वाढ झाल्यास निम्मी रक्कम”. पुढचं आत.

निम्मी रक्कम! मी लगेच हिशोब मांडला. तेरा हजार चारशेची निम्मी म्हणजे सहा हजार सातशे हप्ता. आजवर हप्ता देऊन नऊ हजार उरत होते, वाढीनंतर उरणार सहा हजार सातशे. त्यातून साडेतीन हजार खोलीभाडं. असली वाढ कुणाला पायजे? पतसंस्थेत जाऊन विचारावं तर ते पहिला प्रश्न पगाराचा विचारणार. म्हणून कागद उघडायला बघितला. कात्रीनं कड कापली तर कागद प्लास्टिकला चिकटून सोलून निघायला लागला. मग जेवणाच्या सुट्टीत कंपनीच्या इस्त्रीखाली ठेवला, म्हटलं ऊब लागली की सुटेल. तो पापडासारखा गुंडाळला आणि होती तेवढी अक्षरंही काळी झाली. म्हणजे आता कागदही गेला.

शेवटी मोनाली मॅडमकडं गेले (पगाराचं बघते ती, माझ्या लेकीच्या वयाची हाय पण मॅडम म्हणावं लागतं) आणि सांगितलं की माझी वाढ परत घ्या. तिनं चष्मा काढून पुसला. म्हणाली, “काकू, वाढ द्या म्हणून भांडणाऱ्या बाया मला रोज भेटतात. तुमाला नेमकं काय होतंय?” मी म्हटलं पैशाऐवजी तेल द्या, साखर द्या, कपडे द्या, फक्त चिठ्ठीवर लिहू नका. तसं करता येत न्हाय म्हणे. आले परत.

त्यात आमच्या लाईनवरची साखरबाई. वाढ झाली की पेढे वाटायचे हा हितला रिवाज, आणि मी वाटेना म्हणून ती दीड महिना चिकट, मारवाडी काय काय बोलून थकली. मग तिनंच दहा-दहा रुपये गोळा करून माझ्या नावानं पेढे आणले आणि सुटी झाल्यावर गेटवर वाटले. गेटवर रोज कोण उभं असतं? संदेश. त्याच पतसंस्थेचा पिग्मीवाला, रोज वीस-वीस रुपये गोळा करणारा. त्यानं दोन पेढे खाल्ले आणि मला हात जोडून अभिनंदन केलं. अप्पा, मला पेढ्याच्या जागी तुमचा पगार दिसायला लागला.

दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकून इंदापूरची एसटी धरली. त्यांनी बोलवायच्या आत आपणच जाऊन भांडावं म्हटलं. पतसंस्थेचे मॅनेजर सोमनाथराव खुर्चीत बसलेले. मी बसलेच न्हाय. दहा मिनिटं बोलले, गरिबाच्या पगारावर डोळा ठेवता इथपासून तुमचा पंखा करकरतो इथपर्यंत. त्यांनी सगळं ऐकलं, कपाटातून त्यांच्याजवळची प्रत काढली आणि ओळीवर बोट ठेवलं.

“ताई, पगाराची निम्मी न्हाय. वाढीची निम्मी. तीही कपात जाऊन हातात येईल तेवढ्याची.”

हातात वाढले बाराशे. निम्मे सहाशे. हप्ता छत्तीसशे. बाकी बहात्तर हजार, ते चोवीस महिन्यांऐवजी वीस महिन्यांत संपणार, आणि तडजोडीनंतर व्याज न्हाय, म्हणून एक रुपया जास्त जाणार न्हाय. वर दर महिन्याला सहाशे माझ्याच हातात. पगार कमी झाला तर हप्ताही कमी करून मिळतो, तेही लिहिलेलं हाय. मी तेव्हा बसले. पाणी मागितलं, दोन गिलास प्यायले. इतकं हलकं वाटलं की सोमनाथरावांना चांगला माणूस म्हणून आले. (पंखा मात्र करकरतोच.)

येताना स्टँडवर एकटीनं भेळ खाल्ली. तीन वर्षांत पहिल्यांदा.

तुमची धाकटी,
झुंबर

ता. क. – नव्या हप्त्याच्या कागदावर जामीनदाराची सही लागते. गुरुवारी अकरा वाजता इंदापूरला या. आधार कार्ड आणा. पत्र लिहायचं कारण हेच, पण आधी लिहिलं असतं तर तुमी पुढचं वाचलं नसतं.

पुन्हा ता. क. – एक राहिलं. वाढ झाल्यावर तीस दिवसांत लेखी कळवायचं, न्हायतर तडजोड मोडली असं धरतात. तेही आतल्या घडीत होतं. मला एकोणपन्नास दिवस झाले होते. सोमनाथरावांनी कपाळाला आठ्या घातल्या, तेव्हा मी सांगितलं की माझ्या भावाला मोठी कावीळ झाली, मी महिनाभर त्याच्या उशाशी होते. त्यांना फार वाईट वाटलं, उशीर माफ असं लिहून दिलं, आणि अप्पा जरा बरे झाले की घेऊन या म्हणाले. तर गुरुवारी मोटारसायकलवर येऊ नका, एसटीनं या. जिना चढताना दोनदा थांबा. काय खाता विचारलं तर ताक-भात म्हणा. वहिनींना आणू नका, त्या खरं बोलतात.