पुसलेलं आभाळ

सातारा,
मंगळवार, ता. १५ जानेवारी १९४६

प्रिय लालासाहेब,

सप्रेम नमस्कार. पाकिटात तिळगूळ घातलाय. पलूसला पोचेपर्यंत त्याचा भुगा झाला तर शिव्या पोस्टाला दे, आमच्या चारुशीलेला नको. तिनं मन लावून केलाय. इकडे आम्ही दोघं ठीक आहोत. थंडी यंदा कडक आहे. सकाळी फोटो धुवायच्या पाण्यात हात घालवत नाही. पण बर्फात तंबू ठोकून राहिलेल्या माणसाला मी साताऱ्याच्या थंडीचं काय कौतुक सांगावं!

लग्नसराईमुळे स्टुडिओत गर्दी आहे. काल वाईची एक मुलगी आली होती, स्थळाकडे पाठवायच्या फोटोसाठी. गालांवर देवीचे व्रण. मी निगेटिव्हवर बारीक पेन्सिल चालवून ते घालवले. तिची आई म्हणाली, "तुमच्या हातात जादू आहे हो." पूर्वी असं कोणी म्हटलं की मी दिवसभर मिशीला पीळ देत हिंडायचो. काल मी मान खाली घालून पावती फाडली.

लाला, हे पत्र मी चार वेळा सुरू केलं आणि चारही वेळा हवापाण्यावर संपवलं. आज तसं चालायचं नाही. येत्या शुक्रवारी लीलावहिनी तुझ्या घरी परत येताहेत. होय, खरंच. त्यांचा भाऊ आप्पासो स्वतः घेऊन येतोय. तू आनंदानं उडी मारशील हे मला दिसतंय, पण आधी हे पत्र शेवटपर्यंत वाच, आणि वाचून झालं की चुलीत घाल.

दिवाळीनंतर तू आप्पासोला घेऊन माझ्याकडे आलास तो दिवस आठव. त्याच्या आधी पंधरा दिवस तो वहिनींना कवठ्याला माहेरी घेऊन गेला होता. दाजींच्या डोक्यावर परिणाम झालाय, लढाईवरून आल्यापासून आभाळात लुगडी नाचतात म्हणतात, येड्याच्या घरात बहीण ठेवणार नाही, असं त्याचं म्हणणं. आणि तू जिद्दीला पेटलास. "साताऱ्याला शरदकडं फोटो हायेत, चल दावतो," म्हणालास. फोटो दिसले की दुसऱ्या दिवशी बहीण धाडतो, असं त्यानं तुझ्या वडिलांसमोर कबूल केलं होतं.

माझ्या बाकावर बसून तू त्याला सगळं सांगितलंस. स्कॉटलंडचे डोंगर, तुमची खेचरांची पलटण, हिवाळ्यात आठ-आठ दिवस बर्फात मुक्काम करायचा सराव, आणि एकदा उत्तरेकडे आभाळातून हिरव्या उजेडाचे पदर खाली सुटले, हलायला लागले, ते. तू दगडावर कॅमेरा ठेवून, झाकण उघडून, मनात आकडे मोजत आठ फोटो घेतलेस. मी हे पहिल्यांदाच ऐकत होतो, कारण लढाईत पत्रातून असलं काही लिहायची सोय नव्हती आणि तू परतल्यावरची आपली ही पहिलीच भेट. ऐकता ऐकता माझी नजर फोटोंच्या पाकिटाकडे गेली.

मग मी फोटो मांडले. आठही फोटोंत दोन तंबू, बर्फ, खेचरं, आणि वर काळंभोर, स्वच्छ आभाळ.

आप्पासोनं एकेक उचलून बघितला. "दाजी, ह्ये काळं आभाळ तर आमच्या कवठ्यालाबी हाय की," म्हणाला. तू माझ्याकडे बघितलंस. मी फोटोंचे कोपरे सारखे करत बसलो. तू टोपी घेतलीस आणि गेलास.

आता सांगतो. ते पदर फोटोंत होते, लाला. आठही निगेटिव्हवर होते. ते मी पुसले.

तू भरती झालास तेव्हा माझा जुना कॅमेरा मी तुला दिला होता. त्याच्या पुढच्या घडीच्या कातडी भात्याला एक भोक होतं, ते मी काळी पट्टी चिकटवून बुजवलं होतं, आणि तुला सांगितलं नव्हतं. त्रेचाळीस साली तुमच्या पलटणीतला बिराप्पा पाय बर्फात गारठून घरी आला, तेव्हा त्यानं तुझा फिल्मचा रोळ आणून दिला. "लालासायबानं दिलाय, जपून ठिवा म्हणलाय," एवढंच बोलला. तो बिचारा त्या हिवाळ्यात दवाखान्यात पडून होता, त्यानं काही पाहिलेलं नव्हतं. मी रोळ धुतला, आणि आभाळभर ढगळ पट्टे दिसले. मला वाटलं, माझी पट्टी सुटली, भात्यातून उजेड शिरला. मित्राला भोकाचा कॅमेरा दिला याची इतकी लाज वाटली की मी कापसाच्या बोळ्यानं औषध लावून आठही आभाळं धुऊन काढली. तीन दिवस खपलो. वर शाबासकीही घेतली स्वतःची. पट्टे नुसते आभाळात होते, एकाही तंबूवर उतरले नव्हते. भात्यातला उजेड एवढा सोवळा कसा, हे माझ्या डोक्यात आलं नाही. धुतलेलं परत येत नाही. मी सगळं करून बघितलं.

त्या दिवशी गप्प का बसलो? आप्पासो फोटो बघताना म्हणाला होता, "काम मात्र लय साफ हाय बगा." त्याच्यासमोर मला माझा गाढवपणा सांगवला नाही. एवढंच. याहून मोठं कारण शोधलं, सापडलं नाही.

डिसेंबरात मिरजेला गाडी बदलून कवठ्याला गेलो. आप्पासोला सगळं खरं सांगितलं. निगेटिव्ह उन्हाला धरून, भिंगातून पुसल्याच्या खुणा दाखवल्या. त्यानं चहा पाजला, शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "तुमी मैतर हाय. मैतरानं आसंच बोलाया पायजे. पर ह्यात मला कायबी दिसंना." वहिनी उंबऱ्याशी उभ्या होत्या. त्यांनी विचारलं, "भावजी, तुमी सोता बगितलं का ते? कसं हुतं?" काय सांगू? मी पाहिले होते ते फिल्मवरचे राखाडी डाग. मी निगेटिव्ह पाकिटात भरू लागलो. त्या आत निघून गेल्या.

घरी येऊन आठ दिवस मी कामाला हात लावला नाही. मग चौथी निगेटिव्ह काढली आणि तिच्या पुसलेल्या आभाळावर पेन्सिलीनं पदर काढले. फोटो छापला, वर हिरवा रंग दिला. आकार कसा होता ते मला ठाऊक नव्हतं. माझ्या स्टुडिओतला मागचा पडदा बघून चुण्या घातल्या. तू म्हणाला होतास की एका कडेला तांबडी छटा होती. वर की खाली, ते आठवेना. तुला विचारायला तोंड नव्हतं. लुगड्याला काठ खाली असतो म्हणून मी खाली दिली.

परवा तो घेऊन पुन्हा कवठ्याला गेलो. "एक पुसायचा राहिला होता, सापडला," म्हणालो. आप्पासोनं तो दारात, उजेडात नेला. बराच वेळ बघितला आणि डोक्यावरचा पटका काढून हातात घेतला. वहिनींनी तर फोटो छातीशीच धरला. रडत होत्या. "यवढं बगून आल्यालं माणूस, आन् आमी त्येस्नी गप बसा गप बसा म्हनत हुतो," म्हणाल्या. लाला, खरं घेऊन गेलो तेव्हा चहा पाजून वाटेला लावलं, आणि खोटं घेऊन गेलो तर त्यांनी मला जेवल्याशिवाय सोडलं नाही. पुरणपोळी होती. मी खाल्ली.

तो फोटो ट्रंकेत घालून वहिनी येताहेत. आल्या आल्या तुझ्यापुढे ठेवतील आणि विचारतील, ह्येच न्हवं? तुला बघताक्षणी कळेल की हे ते नव्हे. तांबडी कड चुकली असेल. चुण्यांत तुला माझा पडदा ओळखू येईल. आणि तुझा स्वभाव मला माहीत आहे. सगळं गाव हसत असताना तू आपलं एक अक्षर मागे घेतलं नाहीस, त्यापायीच घर उठलं.

तू नाही म्हणालास तर खोटारडे आपण दोघंही ठरू, आणि मग वहिनी परत कधीच यायच्या नाहीत. म्हणून हात जोडतो. व्हय म्हण. एकदाच. जन्मभर त्या तुझ्या डोळ्यांनी माझी पेन्सिल बघत राहतील आणि तुला ते निमूट सोसावं लागेल, हे मला कळतं. दुसरा रस्ता मला दिसत नाही. तुला दिसत असेल तर तुझ्या मनाप्रमाणे कर, मी कोण अडवणार.

मला क्षमा करू नकोस. शुक्रवारनंतर दोन ओळी टाक; काय म्हणालास ते लिहू नकोस, वहिनी घरात आहेत की नाहीत एवढंच लिही.

ज्याच्यावर भरवसा ठेवून तू आभाळ धाडलंस तो,
शरच्चंद्र