चारशे बारा पाने कॉम्प्युटरात

गुरुवार, २ ऑक्टोबर. दसरा. सकाळी ९.

कॉम्प्युटरची पूजा केली. मंजुषाला पूजा करता येत नाही. तिने मॉनिटरला कुंकवाचे एक बोट लावले, चार दाणे अक्षता टाकल्या आणि स्वयंपाकघरात निघून गेली. ही काय स्कूटर आहे? शेवटी मीच ओल्या कुंकवात मूठभर तांदूळ कालवले आणि सीपीयू, मॉनिटर, कीबोर्ड सगळ्यांवर सढळ हाताने वाहिले. झेंडूचा हार घातला, नारळ फोडला. नवरा करतो ते नीट करतो हे बायकोला तेहतीस वर्षांत पटलेले नाही.

या यंत्रात समस्त गावंडे घराण्याचा कुलवृत्तान्त आहे. लेखक आणि संपादक सहदेव पुंजाराम गावंडे, म्हणजे मी. सहा वर्षांची मेहनत, चारशे बारा पाने. रविवारी १२ तारखेला अकोल्याला कुळाचे संमेलन आहे, तिथे प्रकाशन. शुक्रवारी १० ला प्रेसवाल्याकडे फाइल द्यायची. शेवटचा हात फिरवणे तेवढे राहिले आहे.

ते उद्यापासून. आज सण.

शुक्रवार, ३ ऑक्टोबर. सकाळी १०.

सुरू केला. निळा पडदा. त्यावर इंग्रजीत कसली तरी यादी. मधूनच टूं टूं. विंडोज नाही, काही नाही.

बंद करून चालू केला. निळा. चौदा वेळा केला, चौदाही वेळा निळा.

मंजुषा म्हणाली, काहून त्या बटनाच्या मागं लागून राहिले, बिचारं झिजून जाईन. मी तिला सांगितले की २००५ साली एमएससीआयटीला ज्याला सत्त्याऐंशी टक्के होते त्याला बटन कसे दाबायचे हे शिकवू नये. ती म्हणे, मंग वीस वर्षांत बाकीचे तेरा टक्के बी शिकून घ्यायचे होते.

मनःस्ताप. जेवलो नाही. (साडेबाराला जेवलो.)

त्याच दिवशी, दुपारी ४.

निदान झाले. व्हायरस! महालक्ष्म्यांच्या वेळी अकोल्याहून भगवंतरावांची सून भावना आली होती. फोटो दाखवायचे म्हणून तिने माझ्या मशीनला पेनड्राइव्ह लावला. मी तेव्हाच नको म्हणत होतो. (मोठ्याने म्हणालो नाही. घरी पाहुणे होते.) अकोल्याचा पेनड्राइव्ह! कुठे कुठे लागून आला असेल देव जाणे.

शनिवार, ४ ऑक्टोबर.

आज ऑपरेशन. सीपीयू उघडला. मॉनिटरवरचे कुंकू पुसले, हार काढला. रॅम काढून खोडरबरने घासली. जुन्या टूथब्रशने पंखा साफ केला. आतून एक पाल निघाली, मेलेली. वाटले, रोग सापडला. पाल फेकली. बंद केले, लावले, चालू केले.

निळा.

शिवाय तीन स्क्रू उरले. कंपन्या गरजेपेक्षा जास्त स्क्रू लावतात. ग्राहकाची ही उघड फसवणूक आहे.

मंजुषा म्हणते, कुलदीपले बोलवा. कुलदीप म्हणजे आमच्या गल्लीच्या तोंडाशी ज्याचे रिपेअरिंगचे दुकान आहे तो. चाळिशीचा माणूस, चष्मा कपाळावर, तोंडात सदा सुपारी. मी नको म्हणत असताना तिने त्याला फोन लावला. त्याने तिकडून एवढेच विचारले, काका, कीबोर्ड तर बरोबर हाये ना? मी फोन कट केला. पोटात कळ येऊन राहिली आणि डॉक्टर म्हणतो नखं दाखवा! कुलवृत्तान्तासारखी वस्तू अशा माणसाच्या हातात देणार नाही म्हणजे नाही.

सोमवार, ६ ऑक्टोबर. कोजागिरी. दुपार.

अकोल्याहून भगवंतरावांचा फोन. हे माझे चुलत भाऊ, माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठे, आणि याच एका गोष्टीचा त्यांना अभिमान आहे. मग त्यांनी फोन काकूला दिला. मनकर्णाकाकू, त्यांची आई, वय ९१, ऐकू चांगले येते. नको तेवढे चांगले.

काकू म्हणाली, बाबू, माह्या सासूचं नाव छापलं ना तू?

मी म्हणालो, हो काकू, पान दोनशे बारा. आकडा इतका चटकन तोंडात आला म्हणजे तो बरोबरच असणार.

काकूचे हे नावांचे खूळ जुने आहे. चार वर्षांपूर्वी उन्हाळ्यात तिने मला दोन दिवस समोर बसवून घराण्यातल्या सगळ्या सुना आणि लेकींची नावे लिहून घ्यायला लावली. म्हणायची, पुरुषायची नावं सातबाऱ्यावर हायेत, बायायची माह्याच डोक्यात हायेत, मी गेली का तेही गेले. मी एका वहीत सगळी उतरवून घेतली. वही मागच्या दिवाळीत रद्दीत दिली. एवढा कॉम्प्युटर घरात असताना वही सांभाळायची काय गरज?

फोन ठेवल्यावर मंजुषाने विचारले की ती नावे नक्की टाइप केली होती ना. नवऱ्यावर अविश्वास दाखवण्याची ही कोणती पद्धत? मी चिडून गच्चीवर गेलो. ऊन फार होते. परत आलो.

मंगळवार, ७ ऑक्टोबर.

मदरबोर्डवर रुपयाएवढा सेल असतो. तो बदलला की मशीनची बुद्धी ताळ्यावर येते असे एका व्हिडिओत पाहिले. घड्याळवाल्याकडून नवा आणून बसवला.

आता निळ्या पडद्यावर तारीख दिसते १ जानेवारी २०१२. बाकी सगळे तसेच. २०१२ साली माझे सगळे दात होते आणि कोणी मला उलट बोलत नव्हते. मशीनला तरी तो काळ आठवतो.

व्हिडिओवाल्या माणसाला खाली कॉमेंटमध्ये चांगले सुनावले. त्याने बदाम पाठवला. निर्लज्ज.

संकल्प: उद्या काहीही झाले तरी संतापायचे नाही.

बुधवार, ८ ऑक्टोबर. सकाळी ८.

संतापलो. संकल्प करताना मंजुषा घरात असेल हे धरले नव्हते.

खरे कारण कळले. परतीचा पाऊस, दमट हवा, रॅमला ओल धरली. मोबाइल पाण्यात पडला की तांदळात ठेवतात हे शेंबड्या पोरालाही माहीत आहे. रॅम काढली आणि मंजुषाच्या तांदळाच्या डब्यात खोल पुरून ठेवली. चोवीस तास. इतके दिवस हे मला कसे सुचले नाही? सुचले नाही कारण घरात शांतता नाही.

त्याच दिवशी, दुपारी १.

मंजुषाने भाताला तांदूळ घेतले आणि रॅम कुकरमध्ये जाता जाता वाचली. तिने फार आवाज केला. शेजारच्या आशाबाईसुद्धा पाहायला आल्या. मी दोघींना ओल शोषून घेण्यात तांदूळ किती उपयोगी आहे ते समजावून सांगितले. आशाबाई म्हणाल्या, भाऊजी, मंग दाळीत काय ठेवता?

काहींना विज्ञान सांगून उपयोग नसतो.

गुरुवार, ९ ऑक्टोबर.

आजचा दिवस लिहायचा नाही असे ठरवले होते. लिहितो.

मी दाढी करत असताना मंजुषाने कुलदीपला परस्पर बोलावून घेतले. बाहेर आलो तर तो माझ्या खुर्चीत. त्याने विचारले, रॅम कुठं हाये? मंजुषाने डबा पुढे केला. तो हसला नाही. हसला असता तर बरे झाले असते, मला बोलता आले असते.

रॅम लावली. निळा पडदा आला. त्याने सीपीयूकडे पाहिलेसुद्धा नाही. कीबोर्ड उचलला, उलटा केला, टेबलावर दोनदा आपटला. आतून तांदूळ पडले. लाल लाल. अकरा दाणे आणि झेंडूची एक पाकळी. एक दाणा डिलीटच्या बटनाखाली कुंकवासकट वाळून चिकटला होता. तो त्याने मंजुषाची हेअरपिन घेऊन काढला. म्हणाला, काका, हे बटन दाबून राहिलं का मशीनले वाटते तुमाले सेटिंग करायची हाये, म्हणून ते तेच उघडून देते. तवाच तर म्या इचारलं होतं कीबोर्डाचं.

मशीन एका मिनिटात सुरू झाले. त्याने पैसेही घेतले नाहीत. असा अपमान माझा आजवर कोणी केला नव्हता.

मंजुषाने उत्साहाच्या भरात भावनाला व्हिडिओ कॉल लावला. काकूलाही बोलावले. म्हणाली, काढा आता पुस्तक, वाचून दाखवा काकूले. मी म्हणालो, आधी मशीनला जरा विश्रांती देऊ. कुलदीपने फाइल उघडलीसुद्धा. नाव होते, ‘कुलवृत्तान्त फायनल फायनल’.

नऊ पाने.

मुखपृष्ठ, माझा फोटो, संपादकाचे मनोगत पाच पाने, ऋणनिर्देश एक पान, आणि नवव्या पानावर ‘प्रकरण पहिले’. खाली कोरे.

मी लगेच सांगितले की बाकीची चारशे तीन पाने व्हायरसने खाल्ली. कुलदीपने काहीतरी दाबून पाहिले आणि म्हणाला, काका, या फाइलले २०२१ पासून कोणाचा हात नाही लागला.

फोनमधून काकू विचारत होती, काय म्हणते थो, सापडलं काय नाव? मंजुषाने फोन बंद केला. कुलदीपला चहा दिला, मला नाही. संध्याकाळपर्यंत नाही.

शुक्रवार, १० ऑक्टोबर.

पूर्ण मशीनमध्ये ‘सुभद्रा’ शोधले. ते काकूच्या सासूचे नाव. एवढे एकच मला आठवते. सापडले नाही. ‘मनकर्णा’ शोधले. नाही. ‘सहदेव’ एकशे चाळीस ठिकाणी सापडले.

रद्दीवाल्याकडे जाऊन आलो. तो म्हणाला, मागच्या दिवाळीची वही? अन् हसला. त्याच्याशी भांडलो. भांडण लवकर संपले, कारण चूक त्याची नव्हती.

मला लाज वाटत आहे. हे फक्त इथेच लिहितो.

संकल्प: दोन दिवस आहेत. दिवसाला दोनशे पाने. प्रेसवाल्याला सांगितले, फाइल रविवारी सकाळी.

शनिवार, ११ ऑक्टोबर. संध्याकाळी ६.

मनोगतात एक परिच्छेद वाढवला. तांत्रिक अडचणींविषयी.

रविवार, १२ ऑक्टोबर. अकोला.

बसमध्ये मंजुषा खिडकीशी बसली. मी वाटेत तीन भाषणे तयार केली. पहिले व्हायरसवर, दुसरे वीज मंडळावर. तिसऱ्यात नुसती माफी होती. ते सगळ्यात लहान झाले.

एकही लागले नाही. मंगल कार्यालयाच्या दारातच भावना प्रत्येकाच्या हातात पुस्तक देत होती. झेरॉक्स, स्पायरल बाइंडिंग, अठ्ठेचाळीस पाने. भगवंतरावांनी सांगितले की उन्हाळ्यापासून ती रोज दुपारी काकूजवळ बसून उतरवून घेत होती. काकूच म्हणाली होती, सहदेवच्या मशीनमंधी नावं आत गेले, बाहेर काही येऊन नाही राहिले, तू कागदावर लिही पोरी. मला कोणी सांगितले नाही, कारण मी रागावलो असतो. रागावलोच असतो.

प्रकाशनाला पुस्तकाची पूजा झाली. काकूने मूठभर अक्षता वाहिल्या. मी जोरात ओरडलो, तांदूळ नको! सगळे माझ्याकडे पाहू लागले. मंजुषा इतक्या दिवसांनी हसली.

मग काकूने मला जवळ बसवले. तिला दिसत नाही. म्हणाली, बाबू, तूच वाच, माह्या सासूचं. मी वाचले. सुभद्रा. माहेर तिवशाकडचे. तिला पोहता येत होते आणि विहिरीत पडलेली दोन पोरे तिने काढली होती. काकू मान हलवत होती. मग खाली तिच्या चार जावा, सहा नणंदा. सगळ्या होत्या. एकीचे नाव दोनदा वाचले. झेरॉक्स पुसट होती.

पुढे काकू म्हणाली, आता तुव्हं वाच. भावनानं मी सांगतलं तसंच लिवलं हाये, तिले बदलू नाही देल्लं.

पान एकतीस. प्रत्येकाला एकच ओळ.

‘सहदेव पुंजाराम. अमरावतीले राहते. कॉम्प्युटरची पूजा करते.’

संपादक या नात्याने ओळ तीनदा तपासली. चूक सापडली नाही.