निळी चिंधी

माय,

आज सुनेनं गरम कुकर प्लॅस्टिकच्या टेबलक्लॉथवर ठेवला आणि घरभर तोच वास सुटला. मला शिसारी आली. तिला वाटलं, मी टेबलक्लॉथसाठी चिडले. तिला काय सांगू कपाळ! हा वास रामदासपेठेतल्या त्या बाईच्या मागच्या अंगणातला आहे. मी तेव्हा सातवीत होते.

जरीपटका वस्तीतल्या टेलरकडून तू पोतंभर कातरण आणायचीस. चौकोन जुळवून, आत जुन्या लुगड्याचे थर घालून, गोधडीच्या टाक्यानं गरम भांड्याखाली ठेवायच्या गाद्या शिवायचीस. पण कोणतीच चिंधी तशी लावत नव्हतीस. आधी तिचा एक दोरा उपसून चुलीत धरायचीस. राख झाली तर सुती. काळा मणी झाला तर टेरेलीन. "मणी झाला का फेक वं, भांड्याले चिपकते थे," हे मला पाठ झालं होतं.

त्या बाईकडे आपण मागच्या दारानं जायचो. "तिथंच ठेव, खाली," ती म्हणायची. मग गाद्यांवर तांब्यातलं पाणी शिंपडून दोन बोटांनी उचलायची. आणि त्याच गाद्यांवर पाहुण्यांपुढे भाजीची पातेली मांडायची! तू हसत उभी. धम्मदीक्षा घेताना पांढरं लुगडं नेसून ताठ उभी राहिलेली तू, आणि इथं दात काढतेस? मला किळस यायची, तिच्या त्या दोन बोटांची, आणि त्याहून जास्त तुझ्या हसण्याची. वाटेत मी एकदा विचारलंच, "काहून हासून राहिली होती वं?"

"तिले माया हातचं काम आवडते," तू म्हणालीस. "जीत आपलीच हाये न मग."

मग एक दिवस तिनं निरोप धाडला. पितळी पातेल्याच्या बुडाला निळी चिंधी वितळून बसली होती. गादी तिनं तुझ्या पायाशी फेकली. एरवी भांड्याला आपली सावली चालत नसे, पण आता पातेलं तुझ्याकडे सरकवलं. "बूड खरवडून दे. नंतर मी ते विस्तवावर शुद्ध करून घेईन." छी! निघेना म्हणून शेगडीवर धरलंस, ते पुन्हा वितळलं, पुन्हा तो वास. तू खोकत होतीस आणि वर "चुकलं बाई, चुकलं" म्हणत होतीस.

तिचं काम सुटलं, ते गेलं खड्ड्यात. पण घरी येऊन तू म्हणालीस, "मीच दोरा जाळाले भुलली असन." त्यानंतर एकेका चिंधीचा दोरा तू दोनदा जाळायला लागलीस, मग तीनदा. बोटांची टोकं काळी पडली. शिवून झालेली गादी पुन्हा उसवून बघायचीस. मरेपर्यंत तुझा स्वतःच्या हातांवर भरवसा बसला नाही.

तू भुलली नव्हतीस, माय. त्या चिंधीचा दोरा जाळून तू ती फेकून दिली होतीस. दिसायला अगदी सुतीसारखी होती. मी ती उचलून त्या बाईच्या गाद्यांसाठी निवडलेल्या ढिगात सरकवली. तिचं पातेलं नासावं म्हणून. मले मालूम होतं, मणी झाला होता.

तू खरवडत होतीस तेव्हा मी तुझ्या पाठीमागेच उभी होते. आता तुझा पत्ता नाही, म्हणून हे पत्र धाडत नाही, असं म्हणायची सोय आहे. पण तू होतीस तेव्हा रोज एकाच चुलीपाशी बसायचो आपण, आणि तू दोरे जाळत असताना मी समोर बसून जेवत होते.