गेरूचं लोखंड

२१ जानेवारी
मंडळाच्या हळदीकुंकवात आज बोलले. वीस मिनिटं. आवाज लागला.

हे गेल्याला चार वर्षं झाली. तेव्हापासून हळदीकुंकवाला मला कुणी बोलावलं नव्हतं. यंदा मंडळाच्या नलिनीताई घरी आल्या. "सारख्या वाचत असता ना, वक्त्या म्हणून या. म्हणजे कुणी काही म्हणणार नाही." मनाला लागायला हवं होतं. लागलं नाही. आनंदच झाला.

विषय मीच निवडला. हे कॉलेजच्या प्रयोगशाळेत मदतनीस होते, तिथून रद्दीत जाणारी मासिकं घरी आणायचे. त्यातला एक लेख. दोन हिऱ्यांच्या टोकांमध्ये गेरूचा कण धरतात आणि दाबतात. आपण तुळशीवृंदावनाला लावतो तोच गेरू, म्हणजे लोखंड आणि ऑक्सिजन. दाब असा, की जमिनीखाली शेकडो मैल गेल्यावर असतो तसला.

"हिऱ्यांनी गेरू दाबतात? इथे नाकात घालायला नाही," मागून कुणीतरी. सगळ्या हसल्या, आणि मग ऐकायला लागल्या.

शेवटी म्हणाले, "एवढा दाब आला की गेरू गेरू राहत नाही, त्याचं लोखंड होतं. बाईनेही दाबाला भिऊ नये. गंज जातो, आतलं लोखंड वर येतं." टाळ्या. खूप वेळ.

कुंकवाची कोयरी माझ्यापर्यंत आली, जरा थांबली, शेजारणीकडे गेली. वाण मिळालं. चहाची गाळणी.

२२ जानेवारी
लेख काढून पुन्हा वाचला. आधीच नीट वाचायला हवा होता, असं लिहिणार होते. पण ते खोटं होईल. काल सकाळीच वाचला होता.

लोखंड होतं असं त्यात कुठेही नाही. धातूसारखा वागतो, असं आहे. गेरूतले इलेक्ट्रॉन आपापल्या अणूला धरून बसलेले. दाब फार वाढला की लोखंडाच्या अणूतल्या सुट्या इलेक्ट्रॉनांच्या जोड्या लागतात, कण एकदम आक्रसतो, आणि ते मोकळे फिरू लागतात. वीज जाऊ शकते. ऑक्सिजन मात्र तिथेच असतो, जास्त चेपून. सुटत कुणीच नाही.

ऑक्सिजनच्या त्या ओळीवर पेन्सिलीची खूण माझीच आहे. बोलताना ती ओळ गाळली. ती घेतली असती तर शेवट जमत नव्हता.

कुणाचं काय बिघडलं, असं म्हणून मासिक मिटलं.

२५ जानेवारी
खालच्या मजल्यावरची शालन पेढे घेऊन आली. तिची लेक पूर्वा काल सासरी गेली, वळ गावाला.

पूर्वा दिवाळीपासून माहेरी होती. नवरा हात उचलतो. घर मोठं, स्वतःची गोदामं, माणसं भरपूर. मध्ये पडायला कुणी येत नाही. आता जायचंच नाही म्हणाली होती. वडप्याला एका गोदामाच्या ऑफिसात कामही लागलं होतं. सकाळची शिफ्ट. डबा घेऊन जिना उतरताना गुणगुणायची.

"तुमच्या भाषणानं झालं वहिनी," शालन म्हणाली. "दोन दिवस गप्प होती. मग म्हणते, सोसल्याशिवाय लोखंड होत नाही ना आई. बॅग तिनेच काढली माळ्यावरून."

पूर्वा तिथे होती हेच मला माहीत नव्हतं. मागे बसली होती म्हणे, ते हिऱ्यांचं बोलली ती हीच.

शालनचे डोळे भरून आले होते. आनंदाने की कशाने, ते मी बघितलं नाही. पेढा हातात दिला तिने. खाल्ला मी.

२८ जानेवारी
तीन दिवस टाळलं. आज शालनकडे गेले. म्हटलं, मी चुकीचं सांगितलं त्या दिवशी.

"चुकीचं कसं? टाळ्या वाजल्या की."

"गेरूचं लोखंड होत नाही."

"अहो, गेरूचं काय घेऊन बसलात. पोरीचा संसार मार्गी लागला."

तिला जे ऐकायचं होतं ते मीच ऐकवलं होतं, आता कुठल्या तोंडाने काढून घेऊ? चहा पिऊन वर आले.

प्रयोगशाळेत कुणी आकडे जुळवून लिहिले की ह्यांना लगेच कळायचं. सरांकडे नाही न्यायचे. सामान परत मांडून द्यायचे आणि म्हणायचे, "पुन्हा कर." रागाने नाही. घरी येऊन ते सांगायचे तेव्हा मला हसू यायचं.

३१ जानेवारी
वळला जाऊन आले.

सासू ओट्यावर बसलेली. "वाचनारी बाय ना तू? बस. बरं बोललीस तू, आता उलट शब्द न्हाय ती काढत. चा घे. आत हाय ती."

भर दुपारी वाटलं जमिनीत जावं.

पूर्वा भाकऱ्या थापत होती. ड्रेसच्या बाह्या मनगटापर्यंत. थापताना बाह्या वर करतो आपण. तिने केल्या नव्हत्या, पिठाने माखल्या होत्या.

हळू आवाजात सांगितलं. "गेरूचं लोखंड होत नाही पूर्वा. मला माहीत होतं. शेवट छान व्हावा म्हणून बनवून सांगितलं."

तिने भाकरी उलटली. "तुमच्या गेरूसाठी नाही आले मी, काकू. तुम्हाला उगाच वाटतंय."

मी पिठाचा डबा तिच्याजवळ सरकवला.

पुढचा गोळा घेत म्हणाली, "मग होतं काय त्याचं?"

"आक्रसतो. दाब काढला की परत गेरू."

"लगेच?"

"ते त्यात दिलेलं नाही."

हसली. "म्हणजे हे तरी खरं सांगताय."

माझा नंबर कागदावर लिहून पिठाच्या डब्याखाली ठेवला. तिने पाहिलं. बाहेरून हाक आली, "पूर्वा, झालं का न्हाय?"

१ फेब्रुवारी
माझ्यामुळे गेली नाही, असं ती म्हणाली. खरं असेल तर चार टाळ्यांनी मी स्वतःला केवढी समजले. आणि मला मोकळं करायला म्हणाली असेल, तर त्या घरात, तशा बाह्या असताना, तिने माझी काळजी केली.

दाब काढला की परत गेरू, यातूनही काही अर्थ निघेल असं मनात आलं होतं परतताना. नको. पुरे झाले अर्थ.

संध्याकाळी नलिनीताई. अंबाडी गावच्या मंडळाला तेच भाषण हवं आहे, रथसप्तमीच्या आत. "गेरूचंच सांगा, बायका रडल्या हो त्या दिवशी." नाही म्हटलं. गुडघे दुखतात म्हणून सांगितलं. खरं कारण याही वेळी नाही.

४ फेब्रुवारी
सकाळी मोरीत कपडे धूत होते, फोन वाजून थांबला. अनोळखी नंबर. हात पुसून त्यावर परत लावला.

पुरुषाचा आवाज. "कोन?"

मी म्हटलं, राँग नंबर. आणि ठेवला.

नाव सांगता आलं असतं. पूर्वाला द्या म्हणता आलं असतं. तिची काकू म्हणून चार गोष्टी बोलता आल्या असत्या. वीस मिनिटं न थांबता बोलणारी मी. फोन ठेवल्यावर तिकडे त्याने तिला काय विचारलं असेल, यापुढे विचार जात नाही.

दिवसभर वाट पाहिली. परत वाजला नाही.

५ फेब्रुवारी
सकाळी शालनला सगळं सांगितलं. ओळ कशी गाळली ते. सासू काय म्हणाली ते. बाह्यांचं. कालच्या फोनचं, मी काय बोलले तेही. ती मेथी निवडत होती. हात थांबले.

जुडी बाजूला ठेवली. मग म्हणाली, "तिच्या कपड्यांच्या घड्या मीच घालून दिल्या."

म्हटलं, दहाला निघते मी वळला. पूर्वाला समोर बसवून विचारते, येतेस का परत, तेही सासूसमोर. काय म्हणेल ती माहीत नाही. येईल की नाही तेही नाही. दारातूनच परत पाठवतील कदाचित. तू येऊ नकोस, तुला जड जाईल.

"ते लोक ऐकतील तुमचं?"

नाही ऐकणार, म्हटलं.

वर येऊन साडी बदलली, पाणी प्याले. निघायच्या आधी एवढं लिहावं म्हणून बसले, तोवर जिन्यात पावलं. शालन दारात उभी आहे, चपला पायात. आत ये म्हटलं तर येत नाही. चेहरा धुतलेला, पदर नीट खोचलेला. मला विचारते, "वहिनी, येताना रिक्षात तिघी मावतील ना?"