सोबतीला कोण?

३ नोव्हेंबर
गावचे डॉक्टर हाओ आज परत दारात. "ताई, तालुक्याला तपासणी आहे, फुकट. चाळिशीपुढच्या सगळ्यांची." नको म्हटलं. घशातून नळी घालून आत बघतात म्हणे! आमच्या या डोंगरपट्ट्यात घास अडकण्याच्या रोगाने घरोघरी कुणाला ना कुणाला नेलंय. माझा नवराही त्यातच गेला. शेवटी पेजेचं पाणीसुद्धा उतरेना. आता बघून काय करायचं?

५ नोव्हेंबर
एकटीसाठी चूल पेटवायचा कंटाळा.

९ नोव्हेंबर
हाओ पिच्छा सोडत नाहीत. "कढत पेज, बुरशी धरलेला खारवलेला पाला, हे बंद करा. आणि अन्ननळीचा हा कॅन्सर लवकर सापडला ना, तर तेवढा डाग काढून टाकता येतो. तुमच्या मालकांच्या वेळी उशीर झाला होता." — हे तेव्हा कुणी का नाही सांगितलं!
नाव दिलं. तर म्हणाले, गुंगी देतात, घरचं माणूस सोबत हवं. घरचं माणूस! हसूच आलं.

१० नोव्हेंबर
युएहुआला फोन केला. एकुलती एक लेक, दूर ग्वांगझू शहरात शिवणकारखान्यात. "आई, सुट्टी नाही मिळत गं." बरं म्हटलं. नंतर कितीतरी वेळ फोन हातातच धरून बसले.

११ नोव्हेंबर
शेवटी दिराला विचारलं. फुलिन समोरच राहतो, एकटाच. भाऊ गेल्यापासून आमचं बोलणं म्हणजे मान हलवणं. "येतो," म्हणाला, आणि दार लावून घेतलं.

१४ नोव्हेंबर
जाऊन आलो. बसमध्ये फुलिन एकदम बोलायलाच लागला! "वहिनी, नळी आत गेली की तोंड बंद राहील, तेवढीच गावाला शांतता." तिथली नर्स त्याला म्हणाली, "काका, आलाच आहात तर तुम्हीही झोपा टेबलावर." चेहरा बघण्यासारखा झाला होता, पण झोपला.

२२ नोव्हेंबर
माझं स्वच्छ. फुलिनला डाग निघाला. अगदी सुरुवातीचा आहे, म्हणाले.
"सोबतीला गेलो आणि बक्षीस मला!" असं म्हणून हसला. मग म्हणे, काही करायचं नाही. "भाऊ गेला, मीही जाईन. कुणाचं काय अडतंय?"
"माझं अडतंय!" मी ओरडलेच. कोंबड्या उडाल्या. तो पायांकडे बघत राहिला. मग हळूच, "कधी जायचं?"

८ डिसेंबर
डाग काढला. कापाकापी करावी लागली नाही, नळीतूनच. डॉक्टर म्हणाले, वर्षभर उशीर केला असता तर गोष्ट वेगळी होती. फुलिन खाटेवर पडून कुरकुरतोय — जेवण अळणी, शेजारचा घोरतो. बाहेर येऊन रडले. यांच्यासाठी रडले की याच्यासाठी, कळलं नाही.

१५ डिसेंबर
फुलिन आता माझ्याकडेच जेवतो. पाल्याचा रांजण त्यानेच उकिरड्यावर रिकामा केला. पेज निवेपर्यंत बोलत बसतो. युएहुआला फोनवर सगळं सांगितलं. काकांना आधी घास अडकायचा का, एवढंच तिने दोनदा विचारलं.

२० डिसेंबर
युएहुआ दारात! न कळवता. आनंदाने वाडग्यात शेवया वाढल्या. तिने वाडगं बाजूला सारलं. "आई, मला सुट्टी मिळत होती. भीती वाटत होती." प्रत्येक घासावर पाणी प्यावं लागतं तिला, उन्हाळ्यापासून.
उद्या पहिल्या बसने तालुक्याला निघतोय. तिघंही.